जोडीचा कोयता

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. बीडहून आम्ही मुडशिंगीच्या फडात आलो आणि महिन्याभरात आई वारली. तिसऱ्याच दिवशी शेजारच्या कोपीतली साळूबाई वडिलांच्या जोडीनं ऊस तोडू लागली. एकट्या विधवेला मुकादम कामावर घेत नसे. आता तिचंही भागलं. दुपारी मी शाळेतून फडात गेले, तर वडील स्वतःच्या आधी तिला पाणी देत होते.

"तू मह्या मायच्या मरणाचीच वाट पाहत व्हतीस," मी तिला म्हणाले.

मोळी बांधता बांधता तिनं वर पाहिलं.

"तुह्या बापानं मुकादमाला जोडीसाठी तुहं नाव सांगितलं व्हतं. म्या म्हणलं, पोरीला शाळंत जाऊ द्या, मी हाय."