हयातीचा दाखला

मैंदर्गीच्या गोजाबाईंना फौजी नवऱ्याच्या माघारी मिळणारं पेन्शन थांबलं होतं, कारण हयातीचा दाखला निघत नव्हता. जन्मभर लोकर कातून बोटांच्या रेषा पुसल्या होत्या; यंत्र अंगठाच ओळखेना. शेवटी त्या सोलापूरला हुसेनसाबांकडं आल्या. हे निवृत्त सुभेदार जवानांच्या घरच्यांची अशी कामं हौसेनं करत. त्यांनी मोबाईल गोजाबाईंच्या चेहऱ्यासमोर धरला. “वहिनी, आता चेहऱ्यावरबी दाखला निघतोय. इकडं बघून डोळं मिचकावा.” गोजाबाईंनी लाजून पदर ओढला. “भावजी, या वयात तुमाला डोळा मारू व्हय?” सुभेदार गोंधळले. त्यांच्या बायकोनं, जाहिदानं, हसत मोबाईल हाती घेतला. “अवो, मला मारा की!” गोजाबाईंनी खुशाल दोन्ही डोळे मिचकावले. मोबाईलवर हिरवी खूण उमटली. “झालं वहिनी, तुमी जिवंत हाय!” सुभेदार म्हणाले. “ते मला ठावं हाय की,” गोजाबाई म्हणाल्या, “सरकारला सांगा तेवढं.”