वरच्या फळीवरचं

सांगोकवाली आजी नातवाची जुनी बाबागाडी आधाराला ढकलत प्योशेठच्या दुकानात शिरली, तेव्हा शेठ ह्वांगला कॉफी देत होता. ह्वांगची सफरचंदांची बाग. चार चाकांची फटफटी त्यानं आजच पसंत केली होती. सौदा जमला की प्योशेठ स्वतःच्या हातानं कॉफी करून देतो, आणि फटफटीबरोबर एक हेल्मेट फुकट. ते हेल्मेट ह्वांगच्या मांडीवर होतं, लाल, वाडग्यासारखं.

आजीला पाहून शेठचं तोंड उतरलं. पण मुरलेला दुकानदार, लगेच सावरला.

"या आजी, बसा. गुडघे काय म्हणतायत?"

"म्हणतायत, आता चालू नकोस. आमच्या ह्यांची फटफटी दुरुस्त करून घेतलीय. उतारावरचा लसूण आता मलाच बघायचाय. हेल्मेट दाखवा, शेठ."

शेठनं खालच्या फळीवरची हेल्मेटं काढून काउंटरवर मांडली. लाल, निळी, एक फुलाफुलांचं. आजीनं फुलाफुलांचं उलटं केलं आणि आत अंगठा दाबला. स्पंज दबला आणि अंगठा सरळ कवचाला टेकला.

"ह्यात काहीच नाही की हो."

"हलकं आहे, मान अवघडत नाही. मागे तपासणीचा शिक्का आहे बघा."

"आणि ती वरची?"

वरच्या फळीवर हनुवटीपर्यंत झाकणारी, जडशी हेल्मेटं होती. शेठनं तिकडे मान वळवायचीही तसदी घेतली नाही. "ती शर्यतवाल्या पोरांची. उगाच पैसे जायचे तुमचे. डोकं वाचवायला सगळी सारखीच, आजी. रंग आवडेल ते घ्या."

"सारखीच?"

"अगदी सारखी. तुमच्याशी खोटं बोलेन का मी?"

आजी हसली. वर्षभर तिनं एक राग मनात हिवाळ्याच्या लोणच्यासारखा मुरवला होता. तिनं बाबागाडीत हात घातला आणि कपडे बडवायचा लाकडी दांडा बाहेर काढला.

"मग ह्यातलं कुठलंही घाला. मी मारून बघते."

ह्वांगला हसू फुटलं, कॉफी पँटवर सांडली. शेठही हसला. आजी हसायची थांबली होती. ओढ्यावर जन्मभर गोधड्या बडवलेले ते हात. कमरेत वाकलेली बाई दांडा उचलताना ताठ उभी राहिली.

"आजी, थट्टा पुरे आता."

"थट्टा कसली? सगळी सारखी आहेत ना? घाल की." अहोजाहो संपलं होतं.

"घाला, शेठ," ह्वांग पँट पुसत म्हणाला. "मीही बघतो. मलाही ह्यातलंच दिलंयत."

आता नाही म्हणावं तर झालेला सौदा हातचा जायचा. शेठचा हात लाल हेल्मेटकडे गेला. तिथं घुटमळला. मग आपसूक वर गेला आणि वरच्या फळीवरचं काळं हेल्मेट घेऊन खाली आला. त्यानं ते डोक्यात घातलं, गाल आत दाबून बसवले, पट्टा घट्ट केला, मान जोरात हलवून ते जागचं हलत नाही ना हेही पाहिलं. सगळं न विचार करता, सवयीनं.

ह्वांगनं मांडीवरचं हेल्मेट उचलून काउंटरवर ठेवलं.

"हेच का रे घेतलंस?" आजीनं विचारलं.

"आत जाड थर असतो," शेठ आतून पुटपुटला. "मार तो खातो."

"मग आमच्या ह्यांना का नाही दिलंस?"

"त्यांनी मागितलं नाही, आजी."

"विचारलं होतं त्यांनी. मी शेजारी उभी होते. तेव्हाही तू हेच म्हणालास, सगळी सारखी. फटफटी उलटली आणि तुझं ते वाडगं टरबुजासारखं फुटलं. आणि तू मयताला आलास, आलेल्यांना वाढलेलं आमच्याच घरचं सूप ओरपलंस आणि चारचौघांत म्हणालास, म्हातारा प्यायला होता. पोटाच्या दुखण्यापायी त्यांनी दारूचा थेंबसुद्धा सोडला होता रे. तुझं ऐकून माझ्या मुलानं वर्षश्राद्धाला बापापुढे रीतीचा दारूचा पेला ठेवला नाही. पाणी ठेवलं. आयुष्यभर राबलेल्या माणसापुढे नुसतं पाणी."

शेठची नजर दांड्यावर होती.

"चुकलो, आजी. हे ह्वांग साक्षीला आहेत. म्हातारबा प्यायलेले नव्हते. मी उगाच बोललो. बास? आता ते खाली ठेवा."

शब्द तर बरोबर होते. ह्याच शब्दांसाठी ती आली होती. पण बोलताना त्यानं एकदाही तिच्याकडे पाहिलं नव्हतं, आणि ते तिला सोसलं नाही. तिनं दोन्ही हातांनी दांडा उचलला आणि जीव खाऊन त्याच्या डोक्यात घातला.

शेठ टायरांच्या ढिगावर आदळला आणि तिथून जमिनीवर घसरला. ह्वांग धावला. शेठनं पट्टा सोडला, हेल्मेट काढलं, टाळू चाचपली, तळहात डोळ्यांसमोर धरला. रक्त नव्हतं. तो उठून बसला.

"काही झालं नाही," तो म्हणाला. त्याचा त्यालाच विश्वास बसत नव्हता.

आजीच्या हातातला दांडा गळून पडला. तिनं बाबागाडीची मूठ घट्ट धरली.

"आमचे हेही असेच उठून बसले असते," ती म्हणाली. "आणि घरी येऊन मला म्हणाले असते, काही झालं नाही."