कोपऱ्यातली सही

०:००
गाणं सुरू झालं. टेबलावरच्या वहीएवढ्या पडद्यावर आज पारिजातकाच्या चित्राऐवजी गायिकेचा हसरा फोटो उमटला.

"मृण्मयी, आपलं चित्र कुठं गेलं गं?" अप्पांनी सुनेला विचारलं.

"कंपनीनं कव्हर बदललंय, अप्पा. गाणं तेच आहे."

१:१०
ते चित्र सासूबाईंनी काढलेलं. आयुष्यभर रंगवलं, पण छापलं गेलं ते हे एकच, या गाण्याच्या कॅसेटवर. नाव कुठंच नव्हतं, फक्त उजव्या कोपऱ्यात तांदळाएवढी सही. त्या गेल्यापासून अप्पा रोज चहा घेऊन पडद्यासमोर बसायचे. गाण्याकडे त्यांचं लक्ष नसायचं.

२:२५
"जुनी कॅसेट काढ. तिच्यावर असेल."

"दिवाळीच्या साफसफाईत भंगारात गेल्या सगळ्या. तुम्हीच म्हणालात ना, आता पडद्यावर दिसतंय, कशाला धूळ सांभाळायची?"

"म्हणालो खरं."

३:४८
गाणं संपलं. अप्पांनी खिशातल्या रुमालानं पडदा पुसला. उजवा कोपरा पुन्हा एकदा पुसला, जरा जोर लावून.

"परत लाव गं," ते म्हणाले. "एखाद्या वेळी येईल."