पडद्याआडची फुलं

नानांच्या दिवाणखान्यात भर दुपारीही दिवा लावावा लागायचा. भिंतींवर दोनशे वर्षांपूर्वी छापलेली आणि मग हाताने रंगवलेली फुलापानांची चित्रं होती. उन्हाने रंग उडतात, म्हणून जाड पडदे कधी म्हणून सरकले नाहीत. "घर आहे की तळघर!" असं पुटपुटत बायको आपलं शिवण घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन बसायची. तिथे चित्र नव्हतं, म्हणून पडदाही नव्हता.

ती गेली. नानांनी तिचा फोटो फ्रेम करून आणला, त्या खिडकीसमोरच्या भिंतीवर लावला आणि भिंग घेऊन पुन्हा चित्रांपाशी येऊन बसले. रडू काही आलं नाही. येईल येईल म्हणून त्यांनी वाटही पाहिली होती.

काही वर्षांनी लेक राहायला आली आणि आईच्या फोटोसमोर थबकली.

"नाना, अहो, आईचा चेहरा पार पुसट झालाय! डोळेसुद्धा दिसेनात."

"ऊन येतं तिथे," भिंगातून डोळा न काढता नाना म्हणाले. "रंग राहतोय होय?"

"माहीत होतं, तर मग इकडे दिवाणखान्यात का नाही लावलात?"

नानांनी मान वर केली. चारही भिंतींवरून नजर फिरवली. कमळ, गुलाब, खसखशीचं फूल, सगळी कालच रंगवल्यासारखी टवटवीत होती.



"लावला असता गं," ते म्हणाले, "पण यातलं काढू कुठलं?"