ऑगस्टातला स्वेटर
रिएका शहराच्या बंदरात गेल्या ऑगस्टात, तिथल्या ऐन उन्हाळ्यात, सोळा वर्षांचा लोव्रे बुडाला. त्याच्या वहीत समुद्रावरची सहा ओळींची कविता सापडली. तिच्यावर अ‍ॅनिमेशनपट निघणार होता आणि स्टोरीबोर्डचं, म्हणजे दृश्यं चौकटींत रेखाटण्याचं, काम लोव्रेच्या थोरल्या बहिणीकडे, तिहानाकडे, आलं होतं. टॅबलेटवर तिने अकरा चौकटी बिनचूक रेखाटल्या. हात चालत होता, आत काहीच हलत नव्हतं. दफनाच्या वेळीही ती रडली नव्हती. शेवटच्या चौकटीत मुलगा पाण्यात उडी घेत होता. कॉफी घेऊन आलेले वडील स्क्रीनवर वाकले. “अगं, भर ऑगस्टात स्वेटर कशाला घातलास त्याला?” तिहानाने चौकट मोठी करून पाहिली. स्वेटर कधी रेखाटला, तिलाच आठवेना. “पाणी गार असेल, बाबा,” ती म्हणाली. “पुसते.” वडिलांनी तिचा हात धरला. “राहू दे. मोजेपण घाल. त्याचे पाय फार लवकर गारठायचे.” तिहानाने पेन पुन्हा टेकवलं. “कुठल्या रंगाचे?”