दमाचं माप

कबड्डीच्या सामन्याआधी पंचांनी हर्षलाच्या गळ्याला स्कॅनर लावला आणि नकारार्थी मान हलवली. "श्वासमार्ग नियमापेक्षा रुंद आहे. ही प्लेट दातांवर बसव. जबडा मागे सरकून श्वासमार्ग अरुंद होईल, मगच चढाईला जा."

हर्षलाची आई तरातरा मैदानात आली. "अहो, लहानपणी हिचा जबडा आत होता. झोपेत श्वास अडकायचा, मी उशाशी बसून हलवून जागी करायचे. म्हणून दातांना क्लिपा लावून जबडा पुढे आणला. ही काय लबाडी झाली?"

"दम सगळ्यांचा सारखाच हवा, बाई. आणि प्लेट सामन्यापुरतीच आहे."

हर्षलाने प्लेट पंचांच्या हातावर ठेवली.

"सर, आज रात्री तुम्ही असली प्लेट लावून झोपा. सकाळी उठलात, तर मी घालते."