रिकामा चौकोन

पहाटेचा खोकला. चहात गवती चहा. आंघोळ करताना गुणगुणणं. कुलूप दोनदा ओढून बघणं. दार आपटणं.

शाल्मलीने बनवलेल्या ऑनलाइन अर्जात वारलेल्या माणसाच्या सवयी अशा एकीखाली एक येत, प्रत्येकीपुढे खुणेसाठी एक रिकामा चौकोन. घरच्यांनी हव्या तेवढ्या निवडायच्या, की घरच त्या माणसासारखं वागू-बोलू लागे.

“यादी मिटलेली ठेव,” तिचा सहकारी हर्षद म्हणाला होता. “निवडलेलं तेवढंच दिसेल. एवढे चौकोन कोण वाचत बसणार?”

“वाचू देत की. आपण काय नको म्हणतोय, तेही डोळ्यांसमोर राहायला हवं.”

तिने चौकोनच ठेवले. पहिला अर्ज भरायला आई बसली, बाबांसाठी. एकेका चौकोनात खूण करत ती शेवटच्या ओळीवर आली आणि तिचं बोट थांबलं. शाल्मली याचीच वाट बघत होती.

“सोड ना ते, आई.”

“सोडलं की रिकामं दिसतंय गं. त्यांनी पाहिलं तर?”

“बाबा गेलेत, आई.”

“आता येतायत ना!”

आईने तिथेही खूण केली आणि शाल्मली काही बोलायच्या आत बटण दाबलं.

आतल्या खोलीचं दार धाडकन आपटलं.

“आले, आले हं,” म्हणत आई पदर सावरत उठली.

असंच दार आपटून बाबा बाहेर आले होते आणि आईचा डावा कान गेला, तेव्हा शाल्मली तिसरीत होती.